मीटिंगला निघालेल्या भाच्याला

भाचेबुवा,

तुझ्या आईचा फोन आला होता. तू स्वतःच्या तोंडाने 'मला मदत हवीय' म्हणालास, हे सांगताना तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा वाटला. ते वाक्य जिभेवर यायला काहींना उभा जन्म पुरत नाही. तेव्हा पहिली शाबासकी घे आणि पुढचं ऐक.

दारू सोडायची म्हटलं की जो तो निश्चयाचं बोलतो. निश्चय तुझ्याकडे आहेच, सकाळी आठ वाजता तर तो भरपूर असतो. पण संध्याकाळी सात वाजता कुठे जायचं, कुठल्या खुर्चीत बसायचं, कुणाला फोन लावायचा, हे कुणी सांगत नाही. त्या खुर्चीत मी खूप वर्षं बसत आलोय, म्हणून तेवढंच सांगतो. सगळं आजच पाळायचं नाही. कागद जवळ ठेव, लागेल तेव्हा लागेल ते उचल.

१. आधी डॉक्टर, मग मीटिंग. रोज पिणाऱ्याने एका दमात बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना पहिल्या दोन दिवसांतच फिट येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास होऊन माणूस भरकटतो — हा मनाचा दुबळेपणा नाही, मेंदूला दारूची सवय झालेली असते आणि ती अचानक काढून घेतली की तो बिथरतो. यात जीवही जाऊ शकतो.

२. नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसोपचार विभागाचा केसपेपर काढ, नाहीतर आपल्या ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडून सुरुवात कर — कुठल्याही दारातून आत गेलास तरी पुढचं दार तेच दाखवतात.

३. डॉक्टरांना खरं माप सांग, क्वार्टर तर क्वार्टर, खंबा तर खंबा — गोळ्या त्यावरच ठरतात. आकडा खरा, तर उतारा बरा.

४. घरात सगळ्यांना बजावून ठेव, की चहात किंवा भाजीत चोरून कसलीही पूड मिसळायची नाही — डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध नकळत पोटात असताना दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ते औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल आणि डॉक्टरांचं लक्ष असेल तरच.

५. दोन नंबर आजच फोनमध्ये टाक. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मन फारच खचलं तर टेलिमानसचा १४४१६ — दोन्ही सरकारी आहेत, पैसे पडत नाहीत, आणि रात्री अकरा वाजता नंबर शोधत बसायची ताकद कुणात नसते.

आता मीटिंगची खोली शोधायची. तू विचारलं होतंस, मामा, तिथे जमतात ते लोक नक्की कोण? त्याचं उत्तर थोडं लांबून द्यावं लागेल. १९३५ सालचा मे महिना. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारवाला एका हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. दारू सुटून पाच महिने झालेले, ज्या कामासाठी आला ते फसलेलं, खिसा रिकामा. लॉबीच्या एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला. चर्चच्या यादीतले नंबर फिरवत त्याने विचारलं, की या गावात माझ्यासारखा दारूत अडकलेला कुणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, बोलणं सहा तास चाललं. पुढे एकदा डॉक्टर घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला शिवलं नाही, आणि तीच तारीख अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे आपल्या एएचा, वाढदिवस ठरली. भारतात हे काम १९५७ साली आलं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: बिलने फोन केला तो मदत मागायला नव्हे, दुसऱ्या अडकलेल्या माणसाशी बोलायला. तसं बोललो तर आज आपण पिणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यामुळे तू खोलीत पाऊल टाकशील तेव्हा तिथल्या लोकांवर उपकाराचं ओझं टाकतोयस असं समजू नकोस. तुझ्या येण्याने त्यांचीही संध्याकाळ सांभाळली जाते.

६. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या मुंबईतल्या कार्यालयात नाशिकच्या गटांचे वार आणि वेळा विचार, आणि निघायच्या दिवशी पुन्हा एकदा फोन करून खात्री कर — शाळेच्या परीक्षा लागल्या, सण आला की खोली बदलते, आणि बंद दारावर पोचलेला नवखा माणूस सहसा परत येत नाही.

७. खोली बहुधा शाळेतला वर्ग असते, चर्चचं सभागृह असतं, नाहीतर समाजमंदिर. बाहेर मोठी पाटी शोधू नकोस — येणाऱ्याची ओळख झाकायची म्हणून पाटी लहान ठेवतात.

८. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा रस्ताही धरता येतो. डॉक्टर सुनंदा आणि अनिल अवचटांनी २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथे राहून उपचार घेतल्यावर पाठपुराव्याचे गट पुण्याबाहेरही भरतात, नाशिकचं काय ते फोन करून विचार — भरती होऊन सुटते ती दारू, घरी आल्यावर टिकवायचं काम गटाचं.

९. भरती व्हायची वेळ आलीच तर केंद्राची नोंदणी बघायला माग आणि आत राहिलेल्या दोन माणसांशी बोल — २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि तिथे दाखल होणाऱ्याला हक्क आहेत. मारून-बांधून सोडवतो म्हणणाऱ्याच्या दारात पाय ठेवू नकोस.

१०. एएत फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. दारातच कुणी पैसे मागितले तर ती एएची सभा नव्हे — सदस्य व्हायला एकच अट आहे, पिणं थांबवायची इच्छा.

११. सिडकोत राहतोस आणि सिडकोच्याच गटात जायची लाज वाटते, तर नाशिकरोडला जा, पंचवटीत जा. पण सिटीलिंकची परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते आधी बघ — रात्री स्टॉपवर ताटकळलेल्या माणसाला समोरची परमिट रूम जास्तच उजळ दिसते.

१२. ओळखीचा कुणी भेटला तर दचकू नकोस — तोही त्याच कामाला आलेला असतो. तुझ्या कारखान्यातला सुपरवायझर समोर बसला तरी तिथे तो फक्त पहिल्या नावाचा.

पहिल्या दिवसाचं जरा सावकाश सांगतो, कारण खरी गळती तिथेच होते. पोरं पत्ता मिळवतात, कपडे बदलून निघतात, रस्त्याच्या पलीकडे उभी राहतात आणि घरी परत जातात. पलीकडून अलीकडे यायचं अंतर फार थोडं असतं, म्हणून त्या अंतराचीच तयारी कर.

१३. दहा मिनिटं आधी पोच आणि खुर्च्या मांडायला हात लाव — हातात काम असलं की पाय पळत नाहीत. लवकर आला तो लवकर रुळला.

१४. जेवून जा, निदान पोहे तरी खाऊन जा — रिकाम्या पोटी राग लवकर येतो आणि तलफही. पोट भरलेलं, मन ठरलेलं.

१५. पहिल्यांदा एकट्याने जाववत नसेल तर आधी फोन करून 'दारात कुणी भेटेल का' असं सरळ विचार — नव्याला घ्यायला उभं राहणं हे जुन्यांचं आवडतं काम आहे.

१६. खुली सभा आणि बंद सभा यांतला फरक विचारून घे. खुल्या सभेला आई, बायको, मित्र कुणीही चालतं, बंद सभा फक्त आपल्यासारख्यांची — सूनबाई हौसेने बरोबर आली आणि दारात थांबावं लागलं, तर दोघांचाही विरस होतो.

१७. बोलायची सक्ती नाही. पाळी आली की 'आज मी ऐकायला आलोय' एवढं म्हण — पहिल्याच दिवशी सगळं ओकून टाकणारा दुसऱ्या दिवशी लाजेने येत नाही.

१८. 'मी अमुक, मी मद्यपी आहे' असं लोक म्हणतील तेव्हा अंगावर काटा येईल. तुला ते लगेच म्हणायची गरज नाही — तो शब्द कुणी तुझ्यावर चिकटवत नाही, ज्याचा त्याला उमगला की तो आपणहून उच्चारतो.

१९. दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस, सल्लाही देऊ नकोस — तिथे प्रत्येकजण स्वतःपुरतं सांगतो. सल्ले त्याला घरी, दारी, ऑफिसात भरपूर मिळालेले असतात.

२०. ऐकताना आपलं काय जुळतं ते शोध, काय वेगळं ते नको — 'मी कधी घरातली भांडी विकली नाहीत' असं मनात आलं की पुढचं वाक्य 'म्हणजे मी त्यातला नाही' हेच असतं, आणि ते वाक्य थेट दुकानात नेतं.

२१. खोलीत ऐकलेलं खोलीत ठेव, बायकोलाही दुसऱ्याची कहाणी सांगू नकोस — तुझं गुपित ज्या भरवशावर सुरक्षित आहे, तो भरवसा तुलाही राखायचाय.

२२. शेवटी एक पिशवी फिरते. नव्याने टाकलं नाही तरी कुणी बघत नाही — खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो, बाहेरची देणगी एए घेत नाही.

२३. सभा संपल्यावर लगेच निघू नकोस, चहाला थांब — जे सभेत सांगता आलं नाही ते कपबशी हातात आली की आपोआप निघतं.

२४. निघताना तीन जणांचे नंबर घे, आणि दुसऱ्याच दिवशी काही काम नसताना त्यातल्या एकाला फोन कर — साधा फोन करायची सवय असेल तरच अडचणीचा फोन लागतो.

२५. एखाद्या दिवशी प्यायलेला असलास तरी ये, फक्त गाडी चालवत येऊ नकोस आणि गप्प बस — नशेत बोललेलं कुणाच्या उपयोगाचं नसतं, पण नशेत ऐकलेलं एखादं वाक्य सकाळी आठवतं.

२६. पहिला गट रुचला नाही तर दुसरा बघ, दुसरा नाही तर तिसरा. पण प्रत्येक ठिकाणी काही सभा बसल्याशिवाय मत बनवू नकोस — पहिल्या दिवशी आपल्याला माणसं दिसत नाहीत, आपली लाजच दिसते.

देवाचा मुद्दा तू काढशीलच, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये वरच्या शक्तीचा उल्लेख येतो, पण ती शक्ती ज्याला जशी समजेल तशी, असं तिथेच म्हटलंय. आमच्या खोलीत निवृत्तिनाथांच्या पालखीला त्र्यंबकेश्वराहून चालत निघणारा माळकरी बसतो, पंचशीलातलं पाचवं शील जपणारा बौद्ध बसतो, नमाजी बसतो, आणि काहीच न मानणारा, गटालाच आपली शक्ती म्हणणारा पण बसतो. आपल्याकडे माळ घालून दारू सोडायची रीत जुनी आहे आणि तिने कित्येक घरं सावरली. माळ घालायची तर जरूर घाल. माळेबरोबर दिंडीतली माणसं मिळतात, ती तुला धरून ठेवतात, गटाचं कामही तेच. दोन्ही असू देत, भांडण नाही.

आणि हे चालतं का, असं विचारशील तर चालतं. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र करून तपासले. पूर्ण दारूमुक्त राहायच्या बाबतीत एए, आणि माणसाला एएशी जोडून देणारे उपचार, इतर मान्य उपचारांच्या तोडीचे आणि पुष्कळदा सरस निघाले. डॉक्टर, औषध, समुपदेशन सोड असा याचा अर्थ नाही. गटातल्या कुणी 'गोळ्या बंद कर' म्हटलं तर त्याचं तेवढं ऐकू नकोस. गोळ्या डॉक्टरांच्या, गप्पा गटाच्या.

२७. सुरुवातीला जमेल तितक्या सभांना जा, नव्वद दिवसांत नव्वद असं जुने लोक सांगतात. दुसऱ्या पाळीमुळे संध्याकाळ जमत नसेल तर ऑनलाइन सभा धर, तेही नाही तर गटातल्या माणसाशी अर्धा तास बोल — पहिल्या तीन महिन्यांत मनाला रिकामी संध्याकाळ सोसत नाही.

२८. बागायतदाराच्या पोराला हे वेगळं सांगायला नको, द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी झाली तरी ऑक्टोबरची गोडी छाटणी करावीच लागते — एका छाटणीत बाग नाही, एका मीटिंगीत सुटका नाही.

२९. 'आयुष्यात परत पिणार नाही' अशी शपथ आईच्या डोक्यावर हात ठेवून घेऊ नकोस. आजचा दिवस नाही, एवढंच ठरव — जन्माचं ओझं सकाळी उचललं की दुपारपर्यंत खांदा दुखतो.

३०. लक्ष पहिल्या पेगवर ठेव, पाचव्यावर नको — पाचवा कधीच आपल्याला विचारून येत नाही. पहिला टळला की घोळ टळला.

३१. अनुभवी माणूस हेरून त्याला स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांतला तुझा सोबती, व्हायला सांग, पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला — पायऱ्या एकट्याने वाचल्या की आपण आपल्याला सूट देतो. त्याच्याकडे उसने पैसे मात्र मागायचे नाहीत, त्याने नातं बिघडतं.

३२. तलफ आली की घड्याळ बघ आणि वीस मिनिटं कशाततरी घाल: गार पाणी, ताक, मूठभर शेंगदाणे-गूळ, एक फोन — तलफ लाटेने येते आणि ओसरते, तिच्याशी वाद घातला की ती बसून राहते. साखर असेल तर गुळाचं डॉक्टरांना विचार.

३३. मन बिनसलं की स्वतःला चार गोष्टी विचार: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलोय का? आधी ते निस्तर — निम्म्या वेळा आपल्याला दारू नको असते, जेवण आणि झोप हवी असते.

३४. अंबडहून किंवा सातपूरहून सुटलास की घरी जायचा रस्ता बदल, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील — पायांना जुना रस्ता पाठ असतो, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

३५. पगाराच्या दिवशी आधी मीटिंग, मग बाकी सगळं. फोनवरच्या पैसे पाठवायच्या ॲपला रोजची मर्यादा कमी करून घे — आधी खिशात नोट नसायची म्हणून थांबायला व्हायचं, आता अंगठा टेकवला की बाटली हातात येते.

३६. घरातल्या बाटल्या स्वतः ओतू नकोस, दुसऱ्याला ओतायला सांग आणि तू तेवढा वेळ बाहेर राहा — वासानेही जुनं जागं होतं.

आता आपल्या गावाचं. नाशिकला द्राक्षं आहेत, वाईनरी आहेत, पाहुणा आला की त्याला तिकडे नेऊन आणायची पद्धत पडलीय. मला द्राक्षाचा राग नाही, आपल्याच लोकांची ती रोजीरोटी आहे. पण 'वाईन म्हणजे काय दारू आहे का' हे वाक्य तुला वर्षात पन्नास वेळा ऐकू येणार. २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय घेतला, तेव्हाही हेच बोललं गेलं आणि त्यावर मोठा वाद झाला. त्याच दिवशी सकाळी अनिल अवचट गेले. मला ती तारीख विसरता येत नाही. वाईनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं. ज्याला पिता येतं त्याचं तो बघेल. तुझ्या शरीराला बाटलीवरचं नाव वाचता येत नाही.

३७. वाईन नको, बिअर नको, 'बिनअल्कोहोलची' म्हणून विकतात ती बिअरसुद्धा नको — चव आणि फेस तोच, मन फसतं आणि पुढची खरी मागतं.

३८. वैद्यांनी द्राक्षासव, अशोकारिष्ट असलं काही दिलं तर आपला प्रश्न सांगून दुसरं मागून घे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही वाच — आसवा-अरिष्टांत आंबवण्यातून अल्कोहोल तयार होतंच, त्यात वैद्यांची चूक नाही, सांगायची जबाबदारी आपली.

३९. श्रावण पाळतो म्हणून सुटलो असं धरू नकोस — महिनाभर थांबणारे पुष्कळ असतात. श्रावण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पाय कुठे वळतात त्यावरून खरं कळतं.

४०. गटारी, एकतीस डिसेंबर, रंगपंचमीची रहाड आणि मित्राच्या हळदीची रात्र, हे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेव आणि त्या संध्याकाळी सभा किंवा सोबती पक्का कर — ऐन वेळी नकार सुचत नाही, आधी ठरलेला कार्यक्रम हाच सगळ्यात सोपा नकार.

४१. लग्नाला जा, पण आपल्या गाडीने जा, जेवण झालं की निघ — दुसऱ्याच्या गाडीत अडकलेल्याला रात्री दीडला गच्चीवर 'थोडीशी घे' म्हणणारे भेटतात.

४२. हातात स्वतः आणलेला लिंबू सोडा ठेव, आणि ग्लास खाली ठेवून कुठे गेलास तर परत आल्यावर नवीन घे — मस्करीत मिसळणारे मित्र आपलेच असतात.

४३. 'बसू या का' असा फोन आला तर 'नको, बंद केली' एवढंच म्हण. पोटाचं दुखणं, गोळ्यांचा कोर्स असलं कारण रचू नकोस — कोर्स संपला की तो मित्र पुन्हा फोन करतो.

सूनबाईसाठी चार शब्द, हे तिला वाचायला दे. सूनबाई, तू आजवर खिसे तपासलेस, बाटल्या लपवल्यास, त्याच्या साहेबाला खोटी कारणं सांगितलीस. ते प्रेमाने केलंस, पण त्याने तुझीच झोप गेली. त्याची दारू तुझ्यामुळे लागली नाही आणि तुझ्या पहाऱ्याने सुटणारही नाही.

४४. तिनेही स्वतःच्या गटात जावं. बिल विल्सनची बायको लोइस आणि तिच्या सोबतिणींनी १९५१ साली घरच्यांसाठी अल-ॲनॉन सुरू केलं, मुक्तांगणमध्ये बायकांसाठी सहचरी हा गट आहे — तू सुधारलास तरी तिच्या मनातली धास्ती आपोआप जात नाही, तिला तिच्यासारख्याच बायकांत बसून बोलायची जागा हवी.

४५. ती तोंडाचा वास घेते म्हणून चिडू नकोस — तुझा शब्द मोडलेला तिने अनेकदा पाहिलाय. विश्वास मागायचा नसतो, रोज वेळेवर घरी यायचं असतं.

४६. लेकीला खोटं सांगू नकोस. 'बाबांना एक आजार आहे, त्यासाठी ते मीटिंगला जातात' एवढं तिच्या वयाला पुरतं — मुलांना सगळं माहीत असतं, त्यांना फक्त कुणी मोठ्याने सांगितलेलं नसतं.

४७. दारूत अडकलेली ओळखीची कुणी बाई असेल तर तिलाही हे सांग, आणि जाताना सोबत म्हणून दुसरी बाई दे — बाईच्या पिण्याला लोक दुप्पट बोल लावतात, म्हणून ती दुप्पट लपवते आणि उशिरा येते.

घसरण्याबद्दल. ती होईलच असं नाही, झाली तर सगळं वाया गेलं असंही नाही. मात्र बरेच दिवस न पिता गेल्यावर जुन्या मापाने प्यायलं तर शरीराला ते झेपत नाही, आणि पुन्हा रोजची सवय लागून थांबवायची वेळ आली तर पहिला कानमंत्र परत वाचायचा: आधी डॉक्टर.

४८. घसरलास तर त्याच रात्री एकाला फोन कर, आणि पुढच्याच सभेला त्याच खुर्चीत येऊन बस — लपवलेला एक दिवस दुसऱ्या दिवसाला बोलावतो. परतलेल्याला दार, लपलेल्याला भार.

४९. कुणी ओरडणार नाही, कुणी 'सांगितलं होतं ना' म्हणणार नाही, चहा देतील — त्या खोलीतल्या बहुतेकांना परत येऊन बसणं म्हणजे काय ते माहीत आहे.

५०. सहा महिने, वर्ष झालं की गटात तुझा वाढदिवस करतील. आईला, सूनबाईला त्या दिवशी खुल्या सभेला घेऊन ये — त्यांनीही ते वर्ष काढलेलं असतं.

५१. आणि बरं वाटायला लागलं की मीटिंग सोडू नकोस — माणसं वाईट दिवसांत सुटत नाहीत, चांगल्या दिवसांत सुटतात. आता माझी काय गरज, असं वाटलं त्याच आठवड्यात दारात कुणी नवा घाबरून उभा असतो, त्याला आत घ्यायला तू लागतोस.

एवढं पुरे. कागद घडी करून खिशात घाल आणि उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. तिथून निघालास की मला फोन कर, आणि या आठवड्यातली सभा कुठल्या वारी, किती वाजता ते विचारून ठेव. पहिल्या दिवशी सोबत हवी असेल तर तसं सांग, मी येतो.